एका बंदुकीचा पाठभेद

हस्तलिखित पोथ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हरताळ ठाऊक असतो. लेखनिकाच्या हातून अक्षर चुकले की त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप द्यायचा आणि तो वाळला की त्याच जागी नवे अक्षर लिहायचे, ही जुनी रीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आज आपण एखादी गोष्ट पार धुळीस मिळवण्याच्या अर्थाने वापरतो. पोथीतला हरताळ मात्र इतका निष्ठुर नसतो. पान उजेडासमोर तिरपे धरले तर लेपाखालचे मूळ अक्षर कित्येकदा वाचता येते आणि पाठचिकित्सकाचे अर्धे काम तेथेच होते. आम्ही मराठीचे अध्यापक. बंदुकीसारख्या वस्तूविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय? परंतु कडाव येथे एका घरी आम्हांस जी बंदूक दाखवण्यात आली, तिच्यावर आम्हांला असा हरताळ दिसला आणि तो वाचताना जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याने गेले की कडाव लागते. बाल दिगंबर गणेशाच्या देवळामुळे गावाचे नाव पुष्कळांना माहीत आहे. पुढे कशेळे, आणि तिकडून आंबिवलीमार्गे कोटलीगडाची, म्हणजे पेठच्या किल्ल्याची, वाट. माघी गणेशजयंतीच्या निमित्ताने आम्ही तिघे-चौघे गावात गेलो होतो. परिचयाच्या एका कुटुंबात जेवणे झाल्यावर घरातल्या आजोबांनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेली एक लांबट वस्तू खाली काढायला लावली. 'गुरुजी, ही महाराजांच्या येळची. कोटलीगडावरनं आमच्या खापरपणज्यानं आणली,' असे त्यांनी सांगितले. सांगताना त्यांचा हात दस्त्यावरून फिरत होता. पलीकडे सूनबाई उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काळजी होती. घरात बंदूक आहे, परवाना सासऱ्यांच्या वडिलांच्या नावाचा आणि तोही कधीचा संपलेला. उद्या कोणी तक्रार केली तर? म्हणून आजोबांनी आम्हांकडे एक मागणी केली. आम्ही कॉलेजातली शिकलेली माणसे. 'ही बंदूक शिवकालीन आहे' एवढे एका कागदावर लिहून सही करून द्यावी, म्हणजे कोणी बोलायला नको.

मागणी साधी होती. अडचण अशी की बंदूक हातात घेताच ती काही निराळेच सांगू लागली.

नळी एका टोकाला कापून आखूड केलेली. लाकूड तडकलेले, त्यावर तांब्याची तार आवळलेली. उजव्या अंगाला, जेथे बार पेटवण्याचे यंत्र असते, तेथे एक लोखंडी पट्टी आणि त्या पट्टीवर गंजातूनही ओळखू येणारे एक चिन्ह : मागच्या पायांवर उभा राहिलेला आणि पुढच्या पंजात मुकुट धरलेला सिंह. हे ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह. कंपनीच्या बंदुकांवर आधी हृदयाच्या आकाराची, चार भाग पाडलेली मुद्रा असे. १८०८ च्या सुमारास तिची जागा या सिंहाने घेतली. म्हणजे हे यंत्र त्यानंतरचे. शिवछत्रपतींचे निर्वाण १६८०चे. मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर.

पण त्याहून रंजक भाग पुढे आहे ('रंजक' हा शब्द येथे सहज आला, त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे). त्या पट्टीवर दोन-तीन ठिकाणी लहान वाटोळे डाग होते. बोटाला लागत नव्हते, पण तिरप्या उजेडात दिसत होते. ती भोके होती, धातूने बुजवून कानशीने सपाट केलेली. वरच्या कडेला एक अर्धवर्तुळाकार खाच, तीही तशीच भरलेली. आणि नळीच्या बुडाशी बाहेरून जोडलेला एक लोखंडी गोळा. हाच आमचा हरताळ. मूळच्या गारेच्या बंदुकीवर तो लावून तिची टोपीची बंदूक केलेली होती.

हा पालट काय होता ते समजण्यासाठी बंदुकीला बार कसा मिळतो ते पाहावे लागेल. नळीत दारू आणि गोळी गजाने ठासून भरली की पुढचा प्रश्न आत ठिणगी नेण्याचा. नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक छिद्र असे. त्याला 'कान' म्हणत. कानाजवळ बाहेर चिमूटभर बारीक दारू ठेवायची, तीच 'रंजक'. सर्वांत जुन्या रीतीत ही रंजक पेटत्या दोरीने पेटवत. ती दोरी म्हणजे 'जामगी' किंवा तोडा, आणि ती बंदूक तोड्याची बंदूक. पुढे दोरीच्या जागी गार आली. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा आवळलेला असे. चाप ओढला की घोडा पुढे झेपावून एका उभ्या पोलादी पत्र्यावर आपटे, पत्रा मागे कलंडे, खालची रंजकेची वाटी उघडी पडे आणि गारेच्या घर्षणाने उडालेल्या ठिणग्या तीत पडत. रंजक भडकली की ज्वाला कानातून आत जाई आणि बार उडे. पुष्कळदा बाहेरची रंजक भडकून जाई आणि आतली दारू थंडच राही. 'फुसका बार' हा शब्द वक्त्यांविषयी आणि आंदोलनांविषयी आपण जो वापरतो, त्याच्या मागे ही अनुभवाची परंपरा आहे.

मराठीने हे सारे यंत्र आपल्या बोलण्यात जपून ठेवले आहे. 'चकमक' मूळचा तुर्की, अर्थ आग पाडण्याचे गार-पोलाद. त्यावरून दोन दलांची लहानशी लढाईही चकमक झाली आणि आता विधिमंडळातही ती उडते. मत 'ठासून' मांडणारा मनुष्य नकळत हातात गज घेतो. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' पोर्तुगिजांकडून, 'पलटण' इंग्रजांकडून, 'गारदी' फ्रेंचांच्या 'गार्द'वरून. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेल्या राजव्यवहारकोशात एक संपूर्ण शस्त्रवर्ग आहे आणि यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा त्यात प्रयत्न आहे. परंतु शिपायाने बंदुकीला बंदूकच म्हटले. १८५७ साली मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा 'रंजक' आणि 'जामगी' हे दोन्ही शब्द तीत होते. त्या वेळेपर्यंत सरकारी फौजेतून मात्र या दोन्ही वस्तू गेल्या होत्या. कोश बंदुकीच्या मागे चालतो. ही कोशाची उणीव मानू नये. गावोगाव तोड्याच्या बंदुका अजून चालूच होत्या आणि कोशकाराने लोकांचे बोलणे ऐकायचे असते.

आता पाऊस. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो, वर माथेरानला त्याहूनही पुष्कळ अधिक. अशा मुलखात जामगी विझते, रंजकेचा चिखल होतो, गार ओल्या पत्र्यावर घसरते. आपल्या इतिहासाची ऋतुचर्याच यातून घडली. अर्थात केवळ बंदुकीमुळे नव्हे. नद्यांना उतार नसे, बैल चिखलात रुतत, शिपायाला घरची शेती असे. पण दारू कोरडी राहत नाही हे त्यातले एक ठळक कारण होते. म्हणून पावसाळ्यात फौजांची 'छावणी' व्हायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन. खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी झाली ती २ फेब्रुवारी १६६१ रोजी, ऐन कोरड्या दिवसांत. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ची, कोरेगावची १ जानेवारी १८१८ची. पेशवाईचा शेवट ज्या बंदुकांनी झाला त्या दोन्ही बाजूंना गारेच्या किंवा तोड्याच्याच होत्या, आणि त्यांनी पाऊस सरण्याची वाट पाहिली होती.

पावसाला बाजूला सारणारी कल्पना मात्र त्याआधी दहा वर्षे नोंदवली गेली होती आणि ती सुचली होती एका धर्मोपदेशकाला. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचा अलेक्झांडर फोर्साइथ याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजक भडकताना दिसली की पक्षी बुडी मारीत. भडका आणि बार यांच्यामधला तो क्षण त्याला खुपत होता. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्यापासून एक असे लवण तयार करून दाखवले होते की ते नुसत्या आघाताने स्फोट पावते. अशा आघातस्फोटक द्रव्यांचा उपयोग रंजकेऐवजी करावा, ठिणगी पाडण्याचे कामच नको, हा फोर्साइथचा विचार. १८०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याला प्रयोगासाठी जागा मिळाली. ती देणारा त्या वेळचा युद्धसामग्री खात्याचा प्रमुख होता लॉर्ड मॉयरा. वाचकांनी हे नाव दुसऱ्या रूपात ऐकलेले आहे. हाच पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला, त्या पदावर असताना त्याला मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज हा किताब मिळाला आणि याच्याच कारकिर्दीत शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. मॉयराचे पद गेले, नव्या प्रमुखाने फोर्साइथला टॉवरमधून घालवले, आणि १८०७ मध्ये त्याने स्वतःच्या नावे पेटंट घेतले. इतिहासात 'असे झाले असते तर' याला अर्थ नसतो हे आम्ही वर्गात सांगतो. तरीही मॉयराचे पद आणखी चार वर्षे टिकते तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पुढची प्रगती मंद होती. ते स्फोटक द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरण्याची युक्ती १८२० च्या सुमारास रूढ झाली. तिच्या जनकत्वावर अनेकांनी हक्क सांगितला आहे. नळीच्या बुडाशी एक पोकळ खुंट, खुंटावर टोपी, टोपीवर घोड्याचा ठोका, एवढेच यंत्र. १८३४ साली वुलिच येथे इंग्रज सरकारने दोन्ही प्रकारांच्या सहा-सहा बंदुका घेऊन सहा हजार बारांपर्यंत, सर्व प्रकारच्या हवेत, परीक्षा केली. गारेची बंदूक सरासरी साडेसहा बारांमागे एकदा दगा देत होती. टोपीची, हजार बारांमागे सहा वेळा. यानंतर वादाला जागा नव्हती, प्रश्न फक्त पैशाचा होता. नेपोलियनच्या युद्धांतल्या लक्षावधी गारेच्या बंदुका कोठारांत पडून होत्या. त्यातली बहुसंख्य ज्या घाटाची होती त्याचे नावच 'इंडिया पॅटर्न'. मूळ कंपनीने आपल्या हिंदुस्थानी फौजेसाठी ठरवलेला स्वस्त, सुटसुटीत नमुना फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर इंग्लंडच्या राजसैन्यानेच उचलला होता. एवढे लोखंड भंगारात कसे टाकायचे? तेव्हा जुन्या बंदुकांची वाटी काढायची, पत्रा काढायचा, भोके बुजवायची, गारेचा घोडा जाऊन ठोक्याचा घोडा बसवायचा, कानाच्या जागी खुंट जोडायचा, असा उद्योग १८३० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. ३० ऑक्टोबर १८४१ रोजी टॉवरच्या मोठ्या कोठाराला आग लागून शस्त्रांचा प्रचंड साठा जळाला. त्यानंतर जुन्याला नवे करण्यापेक्षा नवेच घडवण्यावर भर आला आणि १८४२ चा नमुना पुढे आला.

त्याच वर्षीची एक घटना आम्हांस विशेष बोलकी वाटते. अफूच्या युद्धात, मे १८४१ मध्ये, कँटनजवळ मद्रास पायदळाच्या ३७व्या पलटणीतील एक तुकडी मुख्य फौजेपासून तुटली. वादळी पाऊस कोसळत होता आणि शिपायांच्या हातांतल्या गारेच्या बंदुका एकही बार देईनात. भोवती गावकऱ्यांचा जमाव भाले घेऊन दाटलेला. शिपाई संगिनीच्या जोरावर तग धरून राहिले. त्यांना सोडवायला आरमारी गोऱ्या शिपायांच्या दोन तुकड्या पाठवण्यात आल्या. त्यांच्याजवळ टोपीच्या बंदुका होत्या आणि त्या पावसातही उडत होत्या. एकाच फौजेत, एकाच पावसात, कोणाच्या हातात काय द्यायचे हे कोणीतरी ठरवले होते.

येथे आमच्या मुद्द्याकडे येतो. टोपीमुळे बंदूक पावसापासून सुटली, हे सर्व पुस्तकांत असते. ती कोणाला बांधली गेली, याचा विचार सहसा होत नाही. गार ही काय वस्तू आहे? इंग्रज फौजेसाठी ती सफक परगण्यातल्या ब्रँडनहून येई हे खरे; पण सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत गारेचे खडे भरलेले आहेत, पावसाळ्यानंतर कोणत्याही ओढ्यात ते सापडतात. वीस-तीस बारांनंतर गार बोथट झाली तर शिकारी दुसरी उचलेल, ठोकून धार काढील. दारू करणारे कारागीरही जागोजाग होते. सोरा मिळे, कोळसा घरचा; गंधक तेवढा बाजारातून, बहुधा समुद्रावरून आलेला. म्हणजे परावलंबन मुळीच नव्हते असे नाही. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या कारागिराच्या देखरेखीखाली बंदुका होऊ लागल्या, त्यावरून गारेच्या यंत्राची घडण या देशात अशक्य नव्हती हे दिसते. टोपीचे तसे नाही. तिच्यात पारा, तेजाब, मद्यार्क, आणि ते मिसळताना जीव मुठीत धरणारे रसायनज्ञ लागतात. एकसारख्या मापाच्या लाखो टोप्या ठोकणारी यंत्रे लागतात. ती कारखान्यातच होणार, आणि कारखाना सरकारचा किंवा सरकारच्या डोळ्यांसमोरचा असणार. गारेच्या बंदुकीचा धनी आभाळाकडे पाहून बार काढी. टोपीच्या बंदुकीच्या धन्याला दुकानाकडे पाहावे लागले. टोपी संपली की हातात उरते ती लोखंडी काठी.

राज्यकर्त्यांना हे लवकर कळले. १८५७ च्या उठावाची चर्चा एन्फील्ड रायफल आणि तिचे चरबी लावलेले काडतूस यांच्याभोवती फिरते. प्रत्यक्षात ती रायफल तोवर थोड्या शिपायांच्या हाती, शिकवणीपुरती, आली होती. बहुतेकांजवळ टोपीच्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या जुन्या घाटाच्या बंदुका होत्या. उठाव मोडला, आमच्या बाजूला कोल्हापूरची २७वी पलटण ३१ जुलै १८५७ रोजी उठली होती, तिचेही पारिपत्य झाले. मग १८५८ मध्ये हिंदुस्थानी शिपायांसाठी एक नवा नमुना निघाला. तो दिसायला एन्फील्डच. पण नळीच्या आतले पीळ, ज्यांमुळे गोळी फिरकी घेत लांब आणि नेमकी जाते, ते नाहीसे केलेले. चांगली बंदूक कोरून मुद्दाम अडाणी केली होती! आम्ही ज्या पालटाविषयी बोलत आहोत त्याची ही उलटी बाजू. येथे हरताळ चुकीवर न लागता शुद्ध अक्षरावर लागला. पुढे गोऱ्या पलटणींना मागून भरायची स्नायडर मिळाली तेव्हा हिंदुस्थानी शिपायाला एन्फील्ड, आणि गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा याला स्नायडर, अशी एक पिढी मागे ठेवण्याची रीत पडली. १८६९ मध्ये खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पन्नास वर्षांपूर्वी जेथे पेशव्यांची फौज हरली, त्याच परिसरात.

आणि मग १८७८. साहित्याच्या विद्यार्थ्यांना या वर्षाचा नववा कायदा माहीत असतो : लिटनचा देशी वृत्तपत्रांचा कायदा. निबंधमालेचे अंक निघत होते तेच हे दिवस. त्याच वर्षाचा अकरावा कायदा शस्त्रांचा. तो आपण इतिहासवाल्यांवर सोपवून देतो. वास्तविक दोन्ही एकाच हाताचे. एकाने छापण्यावर नजर ठेवली, दुसऱ्याने बाळगण्यावर. परवान्याशिवाय शस्त्र नाही, आणि शस्त्रात दारू, गोळी, टोपी हे सारे आलेच. युरोपियनांना सूट होती. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या कारकिर्दीत, चार वर्षांच्या आत, गेला. त्याविषयी आपण आजही अभिमानाने शिकवतो. शस्त्रांचा कायदा सुधारावा असे ठराव राष्ट्रसभेने १८८७ पासून केले, पण तो स्वातंत्र्यानंतरही राहिला आणि त्याची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली. लेखणीसाठी बोलणारे लोक होते. बंदुकीसाठी बोलणारे नव्हते असे नाही. पण ज्यांचे त्याविना अडले ते डोंगरातले लोक सभेत नव्हते.

कायदा झाल्याला वर्ष होते न होते तोच वासुदेव बळवंत फडके उठले. जन्म १८४५, पनवेलजवळचे शिरढोण. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. स्वतः पुण्याला लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकर. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर पहिला छापा पडला आणि मे महिन्यात दौलतराव नाईकांच्या टोळीने पळस्पे आणि चिखली येथे धाड घातली, म्हणजे खालापूरच्या शेजारीच. त्यांच्याजवळ तलवारी होत्या, भाले होते, मोजक्या बंदुका होत्या. जुलैमध्ये फडके पकडले गेले. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. त्यांच्या अपयशाची कारणे पुष्कळ सांगितली जातात. ज्या वर्षी बंदुकीचा प्रत्येक बार सरकारी खिडकीतून मोजून येऊ लागला त्याच वर्षी त्यांनी शस्त्र उचलले, हेही त्यांत धरावे असे आम्हांस वाटते. कर्जतच्या डोंगरांतली पुढची मोठी लढाई १९४२ची. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. त्यांचे बळ वाटांच्या माहितीत आणि गावांच्या सोबतीत होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील पडले.

सरकारने डोंगरातल्या माणसाला बंदूक अगदीच नाकारली असे म्हणता येणार नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाने मिळत, आणि ते प्रामुख्याने ठासणीच्या बंदुकांचे. यातली मेख आता वाचकांच्या ध्यानी येईल. ठासणीची बंदूक एकदा उडवली की पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि तिच्या टोप्या परवान्यावर मोजून मिळतात. टोपीला गावाकडे 'केप' म्हणत. आजोबांनी सांगितले की त्यांचे वडील भात पोटरीला आले की कर्जतहून केपांची डबी आणीत आणि देवघरात, निरांजनाशेजारी ठेवीत. मुलांना तिला हात लावायची बंदी. वर्षाला दोनदा-तीनदाच बार निघे. डुकरे पळत, मरत क्वचित. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची. कधीतरी वडील गेले, आणि ती जी माळ्यावर गेली ती गेलीच.

तेव्हा त्या घरापुढे आम्ही बसलो होतो आणि मांडीवर हे लोखंड होते. खुंटाचा पत्ता नव्हता, त्याचे छिद्र गंजाने भरून एकजीव झालेले, घोडा हलत नव्हता. जुन्या घाटाचे किंवा पुरातन मोलाचे, आणि दुरुस्त करूनही उडणार नाही, असे हत्यार १९५९ च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये वगळलेले आहे; शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. म्हणजे सूनबाईंच्या काळजीला उत्तर होते, आणि ते मिळवायला बंदूक शिवकालीन असण्याची गरज नव्हती. मात्र 'उडणार नाही' हे ठरवण्याचा अधिकार आमच्यासारख्यांचा नव्हे. ठाण्यात स्वतःहून कळवा, जुना परवाना सोबत न्या, आणि ठेवायची नसेल तर एखाद्या संग्रहालयाला विचारा, इतके आम्ही सांगितले.

राहिला कागद. आमच्यातल्या एकाचे म्हणणे पडले की म्हाताऱ्या माणसाचे मन का मोडा, 'जुनी आहे' एवढे मोघम लिहून द्यावे. दुसऱ्याने विचारले, एखाद्या विद्यार्थ्याने पोथीचा काळ असा मोघम लिहिला तर आपण गुण देऊ काय? थोडा वेळ वाद झाला. अखेर आम्ही आजोबांना जवळ बसवले, बंदूक खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि एकेक बुजवलेले भोक दाखवले. येथे वाटी होती, येथे पत्रा, या खाचेत रंजक. हे घडवले कंपनीने, विलायतेत, महाराजांच्या नंतर सव्वाशे वर्षांनी. आणि मग पुन्हा मोडून हे असे केले. त्यांनी बोट फिरवून डाग चाचपून पाहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

'म्हणजे गोऱ्यांची,' ते म्हणाले. 'पण पीक आमचंच राखलं ना हिनं?'

आम्ही हो म्हटले. मग कागद घेतला आणि आम्हांला खात्रीने सांगता येईल तेवढे लिहिले : कंपनीची बंदूक, यंत्र १८०८ नंतरचे, मूळ गारेची, पुढे टोपीची केलेली, खुंट नाही, घोडा अडकलेला. खाली सह्या केल्या. आजोबांनी तो वाचून दाखवायला लावला, आणि पुरते ऐकून झाल्यावर म्हणाले, 'त्यात सिंह राहिला, गुरुजी. सिंह आहे म्हनालात ना? तेवढं लिवा.'

आम्ही सिंह लिहिला.